गोळ्या हातात घेऊन बोला

वाचकांचे प्रश्न : कर्करोगाची औषधं आणि ती समजावून सांगण्याची पद्धत

(या वेळची उत्तरं कर्करोग विभागात काम करणाऱ्या परिचारिका आणि फार्मासिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत. डोस बदलण्याचा किंवा औषध थांबवण्याचा अंतिम निर्णय मात्र तुमच्या रुग्णाची फाइल ज्यांच्या हातात आहे त्यांचाच.)

प्रश्न : आईला कॅपेसिटाबीनच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं, आम्ही माना डोलावल्या. घरी आल्यावर भाऊ म्हणतो गोळी जेवणाआधी, मी म्हणते जेवणानंतर. पुन्हा फोन करायचा संकोच वाटतो.

संकोच सोडा आणि पुढची गोळी घेण्याआधी फोन करा. आजाराचं नाव नुकतंच कानावर पडलेलं असताना पुढची वाक्यं डोक्यात शिरत नाहीत, हे कर्करोग विभागात सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच औषधांची माहिती एकदा सांगून भागत नाही.

वाद मिटवायचा तर तुमचं बरोबर आहे. कॅपेसिटाबीन पोटभर खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर घ्यायची. दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतरानं. बहुतेकांना १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी असं २१ दिवसांचं चक्र असतं, पण आईंच्या कागदावर काय लिहिलंय ते पाहा.

खरी गफलत गोळ्या मोजताना होते. ही गोळी ५०० आणि १५० मिलीग्रॅम अशा दोन ताकदींत मिळते. समजा, एका वेळचा डोस १६५० मिलीग्रॅम आहे. म्हणजे ५०० च्या तीन आणि १५० ची एक, मिळून चार गोळ्या. आता कुणी फक्त ‘चार गोळ्या’ एवढंच लक्षात ठेवलं आणि चारही ५०० च्या काढल्या, तर पोटात २००० गेले. उलट झालं तर ६००. म्हणून दोन्ही खोके घेऊन फार्मासिस्टकडे जा, त्यांच्यासमोर आईंच्या तळहातावर एका वेळच्या गोळ्या काढा आणि ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारा. खोक्यांवर जाड पेनानं ‘सकाळी ३, रात्री ३’ आणि ‘सकाळी १, रात्री १’ असं लिहून घ्या. कॅलेंडरवर गोळ्यांचे १४ दिवस एका रंगानं आणि सुट्टीचे ७ दिवस दुसऱ्या रंगानं रंगवा. सुट्टीच्या आठवड्यात ‘उरल्यात तर घेऊन टाकू’ म्हणून गोळ्या चालूच ठेवण्याची चूक चांगल्या शिकलेल्या घरांतही होते. त्या आठवड्यात रक्तपेशी आणि आतड्याचं अस्तर भरून निघत असतं.

एखादी वेळ चुकली तर ती सोडून द्या, पुढच्या वेळेला दुप्पट घेऊ नका. गोळी उलटून पडली तरी विचारल्याशिवाय दुसरी देऊ नका, कारण आत किती मुरली होती ते बाहेरून कळत नाही.

आता, गोळी थांबवून लगेच फोन कधी करायचा? नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जास्त जुलाब झाले, किंवा रात्री शौचासाठी उठावं लागलं तर. चोवीस तासांत दोन किंवा अधिक उलट्या झाल्या तर. तोंड येऊन खाणं कठीण झालं तर. तळहात-तळपाय लाल होऊन सुजले, दुखू लागले, भांडं धरणं किंवा चालणं त्रासाचं झालं तर. आणि ताप आला तर. हे त्रास सहन करत गोळ्या पूर्ण करणं हा काही कणखरपणा नव्हे. वेळेवर काही दिवस थांबवून डोस कमी केला तर उपचार पुढे चालू राहतो, ताणत नेलं तर रुग्णालयात भरती व्हावं लागतं. काही थोड्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. त्यांना पहिल्या काही दिवसांतच फार तीव्र त्रास होतो, त्यामुळे पहिल्या चक्रात अधिक सावध राहा.

आई वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं) किंवा फेनिटॉइन (फिट्सवरचं) घेत असतील तर ते आवर्जून सांगा. कॅपेसिटाबीनमुळे दोन्हींचा परिणाम वाढतो.

प्रश्न : मी केमोथेरपीच्या वॉर्डात नव्यानं रुजू झालेली परिचारिका आहे. सगळं सांगून झाल्यावर ‘समजलं ना?’ विचारते, सगळे ‘हो’ म्हणतात. पुढच्या भेटीत कळतं की गोळ्या भलत्याच पद्धतीनं घेतल्या. माझं कुठे चुकतंय?

त्या प्रश्नातच. ‘समजलं ना?’ला ‘नाही’ असं उत्तर द्यायला माणसाला लाज वाटते. त्यापेक्षा जबाबदारी स्वतःकडे घेऊन असं विचारा: ‘काका, मी बरंच बोलले. माझं सांगणं नीट झालं का ते मला पडताळायचंय. उद्या या गोळ्या कशा घ्याल, ते मला सांगता का?’

समजा, काका म्हणाले, ‘सकाळी उठलो की चार, रात्री झोपताना चार.’ या एका वाक्यात दोन चुका सापडल्या. जेवण राहून गेलं, आणि उठणं ते झोपणं यात बारा तास नसतात, सोळा असतात. ‘चुकलं’ म्हणू नका. ‘जेवणाचं मी नीट सांगितलं नाही वाटतं’ म्हणा, तेवढंच पुन्हा सांगा आणि पुन्हा वदवून घ्या. वदवून घेताना रिकाम्या हातांनी नको, गोळ्यांची पाकिटं समोर असू द्या. रुग्णानं स्वतः पाकीट उचललं, नाव वाचलं, गोळ्या मोजल्या की नजर कमी आहे का, बोटं बधिर झाल्यामुळे पाकीट फोडता येत नाही का, आकडा वाचता येतो का, हे सगळं तुम्हाला न विचारता दिसतं.

सांगण्याआधी मात्र ऐका. घरी गोळ्या कोण काढतं? आणखी कोणती औषधं चालू आहेत, झाडपाल्याची आणि ताकदीचीही धरून? गिळायला त्रास होतो का? या औषधाबद्दल आधी काय ऐकलंय, कशाची भीती वाटते? ज्यांच्या ओळखीत कुणी केमोमुळे फार हाल सोसले असतील, त्यांना आधी ते बोलू द्यावं लागतं. तोवर तुमचे आकडे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

एका बैठकीत तीनच गोष्टी पक्क्या करा: कधी आणि किती घ्यायचं, कधी घ्यायचं नाही, आणि कोणत्या लक्षणाला कोणत्या नंबरवर फोन करायचा. केस, त्वचा, आहार यांचं पुढच्या भेटीत. तिसरी गोष्ट तपासताना प्रसंग द्या: ‘रात्री दोन वाजता थंडी वाजून ताप भरला. काय कराल?’ ‘सकाळपर्यंत वाट बघू’ असं उत्तर आलं तर त्या दिवशी बाकी काहीही सांगू नका, तेवढं एकच पक्कं करा.

मल्टिनॅशनल असोसिएशन ऑफ सपोर्टिव्ह केअर इन कॅन्सर या संस्थेनं तोंडानं घ्यायच्या कर्करोग-औषधांसाठी शिकवण्याचं एक साधन तयार केलंय. त्याचे चार भाग आहेत: रुग्णाची आधीची माहिती काढणं, सर्व गोळ्यांना लागू असलेल्या सूचना, त्या विशिष्ट औषधाच्या सूचना आणि शेवटी समजलं का ते तपासणारे प्रश्न. चौथा भाग घाईत गाळला जातो, आणि तुमचा अनुभव नेमका तिथलाच आहे. गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच एक फोन करा. पहिली चूक तेवढ्यात झालेली असते आणि ती सवय व्हायच्या आत पकडता येते.

प्रश्न : केमोनंतर ताप आला तर आधी पॅरासिटामॉल देऊन पाहावं का?

नाही. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला की लगेच रुग्णालयाशी संपर्क साधा, रात्र असली तरी.

बऱ्याच केमो-औषधांत पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली जातात. पू होणं, सूज येणं ही जंतुसंसर्गाची नेहमीची खूण याच पेशींमुळे दिसते. त्याच नसतील तर ताप हा एकुलता एक इशारा उरतो, आणि पॅरासिटामॉल तोच पुसून टाकतं. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर ताप मुळात कमी दिसतो. म्हणून थंडी वाजून हुडहुडी भरली, रुग्ण एकदम मलूल झाला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर थर्मामीटर काही म्हणो, निघा.

थर्मामीटर घरात आधीच आणून ठेवा आणि तो वापरून पाहा. मोजमाप तोंडात किंवा काखेत घ्या. काखेतला आकडा थोडा कमी येतो, तेव्हा कुठे मोजला ते सांगा. गुदद्वारात थर्मामीटर किंवा औषधाची कांडी घालू नका, तिथल्या बारीक जखमेतून जंतू रक्तात जाऊ शकतात. आपत्कालीन विभागात पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच: ‘केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप इतका आहे.’ अशा रुग्णाला तासाभरात शिरेतून प्रतिजैविक मिळावं अशी अपेक्षा असते. तुम्ही रांगेत गप्प बसून राहिलात तर तो तास वाया जातो.

प्रश्न : उलटीच्या गोळ्या मळमळ झाली तरच घ्यायच्या ना? उगाच औषधं कशाला?

ज्या ठरावीक वेळेला लिहून दिल्यात त्या मळमळ नसतानाही घ्यायच्या. ‘लागली तर’ असं लिहिलेली गोळी वेगळी, तिच्या पाकिटावर तसं लिहून ठेवा.

केमोची मळमळ दोन टप्प्यांत येते. पहिली चोवीस तासांच्या आतली. दुसरी त्यानंतर सुरू होऊन चार-पाच दिवस रेंगाळणारी. पहिला दिवस बरा गेला म्हणून लोक गोळ्या बंद करतात आणि तिसऱ्या दिवशी कोलमडतात. एकदा उलट्या जोरात सुरू झाल्या की पोटात गोळी टिकत नाही. शिवाय एक चक्र फार वाईट गेलं तर पुढच्या वेळी रुग्णालयाच्या नुसत्या वासानं मळमळायला लागतं, आणि ती मळमळ औषधाला सहज दाद देत नाही.

डेक्सामेथासोन सकाळी घ्यायची, रात्री घेतली तर झोप उडते. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वाढते, आधी विचारून ठेवा. ओलान्झापिननं गुंगी येते म्हणून ती रात्री. तिच्या कागदावर मानसिक आजाराचं नाव वाचून घाबरू नका, ती इथे मळमळीसाठीच दिलेली असते. ऑन्डान्सेट्रॉननं बद्धकोष्ठ होतं, त्यावरचं औषध सोबत मागून घ्या.

प्रश्न : माझ्या लेकाला रक्ताच्या कर्करोगासाठी दोन प्रकारच्या पिवळ्या गोळ्या आहेत, एक रोज आणि एक आठवड्यातून एकदा. गोंधळ होऊ नये म्हणून काय करावं?

हा प्रश्न आधीच विचारलात हे फार चांगलं केलंत. तुमच्याकडे बहुधा रोजची मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्याची मेथोट्रेक्सेट असेल. आठवड्याची मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेल्यानं जगभर मृत्यू झालेले आहेत. काही दिवसांतच तोंडात फोड येतात, मग अस्थिमज्जा काम थांबवते.

दोन्ही औषधं वेगवेगळ्या डब्यांत, वेगवेगळ्या जागी ठेवा. मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर वाराचं नाव पूर्ण अक्षरांत लिहा, ‘फक्त शुक्रवारी’ असं, संक्षेप नको. डोस गोळ्यांच्या संख्येत आणि मिलीग्रॅममध्ये, दोन्ही प्रकारे लिहून घ्या; उदाहरणार्थ, अडीच मिलीग्रॅमच्या आठ गोळ्या म्हणजे वीस मिलीग्रॅम. घरातल्या एकाच माणसानं ती गोळी द्यावी आणि दिल्यावर कॅलेंडरवर खूण करावी. आजी-आजोबांकडे मुलगा राहायला जाणार असेल तर हा डबा त्यांच्याकडे न देता, त्या दिवसापुरत्या गोळ्या चिठ्ठी लावून द्या. एकही जादा डोस गेला अशी शंका आली तर तोंड येण्याची वाट पाहू नका, त्याच क्षणी रुग्णालयात फोन करा, कारण ल्युकोव्होरिन हा उतारा लवकर दिला तरच उपयोगी पडतो.

आणखी एक: त्याला कुणी युरिक आम्ल कमी करणारं अ‍ॅलोप्युरिनॉल लिहून दिलं तर मर्कॅप्टोप्युरिनचा डोस पाव ते एक तृतीयांशावर आणावा लागतो. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना औषधांची यादी बरोबर न्या.

मेंदूच्या गाठीसाठी दिली जाणारी लोमस्टिन तर सहा आठवड्यांतून एकदाच असते. फार्मासिस्ट वाचकांना कळकळीची विनंती, तिचा एका वेळचाच डोस हातात द्या. तिचा रक्तावरचा परिणाम चार ते सहा आठवड्यांनी दिसतो, म्हणजे चूक झाल्याचं कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

प्रश्न : एका औषधाला ‘रिकाम्या पोटी’, दुसऱ्याला ‘जेवणाबरोबर’. पोटात जाऊन एकच होणार, मग एवढं काटेकोर कशाला?

पोटात एकच होत नाही म्हणून. प्रोस्टेटच्या कर्करोगातली अ‍ॅबिराटेरोन स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर रिकाम्या पोटाच्या तुलनेत सुमारे दहापट रक्तात शिरू शकते. म्हणून ती घेण्याआधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. उलट, इमॅटिनिब पोटाला झोंबते, म्हणून ती जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर. एर्लोटिनिब जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, आणि धूम्रपान चालू असेल तर तिची रक्तातली पातळी घसरते, तेव्हा ते लपवू नका.

आम्लपित्ताच्या गोळ्यांकडे लोक औषध म्हणून पाहतच नाहीत. एर्लोटिनिब, डासाटिनिब यांना विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. रोज सकाळी ओमेप्राझोल घेणाऱ्याच्या पोटातून डासाटिनिब पुरेशी शोषलीच जात नाही. ‘आणखी काही घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याआधी उशाशी ठेवलेली ती पट्टी आठवा.

ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात तेही खरंच टाळा. औषध मोडणारं आतड्यातलं विकर ते बंद पाडतं आणि परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो, म्हणून ‘सकाळी फळ, रात्री गोळी’ असं अंतर ठेवून भागत नाही.

प्रश्न : वडिलांना दुखण्यासाठी मॉर्फिन दिलंय. सवय लागेल या भीतीनं ते कळ असह्य होईपर्यंत घेत नाहीत.

त्यामुळेच त्यांना जास्त लागतंय. पुरती चढलेली कळ उतरवायला, चढू न देण्यापेक्षा अधिक औषध लागतं. साधं मॉर्फिन अर्ध्या तासात काम सुरू करतं आणि साधारण चार तास टिकतं, म्हणून ते घड्याळाप्रमाणे दर चार तासांनी असतं. बारा तासांची गोळी वेगळी. ती कधीही फोडू, चावू किंवा कुटू नये, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम सुटतं. मधेच उसळणाऱ्या कळेसाठी वेगळा छोटा डोस लिहिलेला असतो. तो किती वेळा लागला ते वहीत वेळेसह लिहा, त्यावरूनच डॉक्टर मुख्य डोस ठरवतात.

सवयीबद्दल वडिलांशी स्पष्ट बोला. काही आठवड्यांनी शरीर औषधाला सरावतं, म्हणून ते एकदम न थांबवता हळूहळू कमी करतात. दुखण्यासाठी सांगितल्याप्रमाणे औषध घेणं म्हणजे व्यसन नव्हे. ‘मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट जवळ आला’ ही भीतीही मनात असू शकते, ती तुम्हीच विचारून बाहेर काढा. मॉर्फिन दुखण्याच्या तीव्रतेवरून देतात, आयुष्य किती उरलं यावरून नाही.

सुरुवातीची गुंगी आणि मळमळ काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून रोज. रेचक न दिल्यामुळेच अनेकजण मॉर्फिन सोडून देतात, हे खूप वाईट वाटायला लावणारं आहे, कारण ते सहज टाळता येतं. हलवूनही जाग येत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल तर पुढचा डोस थांबवा आणि तातडीची मदत बोलवा. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिन शरीरात साचतं, तो अहवाल डॉक्टरांना दाखवा. औषध कुलपात ठेवा.

प्रश्न : पत्नी स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेते. अंगातून वाफा येतात म्हणून मधूनमधून सोडते आणि डॉक्टरांना सांगू नको म्हणते.

सांगाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकाळच्या औषधांबाबत सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. त्यामुळे डॉक्टरांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही. न सांगण्याचा तोटा मोठा आहे. गोळी पोटात जातेय असं धरून उपचार ठरतात, आणि पुढे आजार उलटला तर औषध निकामी ठरलं असा निष्कर्ष निघू शकतो. वाफांवर उपाय आहेत, पण ते स्वतःहून करू नका: त्यासाठी कधीकधी दिली जाणारी पॅरॉक्सेटिन टॅमॉक्सिफेनचं काम मंदावते, तशी न मंदावणारी औषधं निवडता येतात. एका पायाला सूज-दुखणं, अचानक धाप किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टर-परिचारिका वाचकांसाठी: ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असं विचारू नका. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?’ असं विचारा. राहणं गृहीत धरलेलं दिसलं की लोक खरं सांगतात.

प्रश्न : घरात सून गरोदर आहे. सासऱ्यांच्या केमोच्या गोळ्या तिनं काढून दिल्या तर चालेल का?

नको. दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून, किंवा पाकिटातून थेट छोट्या वाटीत काढून द्याव्यात आणि नंतर हात धुवावेत. गोळी फोडू नका, कॅप्सूल उघडू नका. सासऱ्यांनी केमोनंतर ४८ तास शौचकूपाचं झाकण लावून दोनदा पाणी सोडावं, उलटीनं माखलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. उरलेल्या गोळ्या कचऱ्यात किंवा शौचकूपात टाकू नका, रुग्णालयाच्या औषधविभागात परत द्या. एकत्र बसणं, जेवणं, मिठी मारणं यात काही धोका नाही.